मुलगी पियानो कानाने वाजवते, पुस्तक वाचतच नाही : हट्ट धरावा का?

मृण्मयी_ठाणे (९ जून, रात्री १०.१०)

नमस्कार. माझी मुलगी एप्रिलमध्ये सहा वर्षांची झाली. जानेवारीपासून ती आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासासाठी, घराजवळच्या एका बाईंकडे पियानो शिकायला जाते आणि घरी जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर रोज पंधरा-वीस मिनिटे सराव करते. मागच्या मंगळवारी मी शेजारी बसून मेथी निवडत होते आणि ती पुस्तकावर नजर खिळवून नवा धडा न अडखळता वाजवत होती. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने पान उलटले. ती थांबली नाही. समोर भलताच धडा, नजर त्याच धड्यावर, आणि बोटांतून मात्र आधीचा धडा शेवटपर्यंत नीट वाजला. पाच महिने ती वाचते आहे असे मी समजत होते. प्रत्यक्षात बाईंनी वर्गात दोनदा वाजवून दाखवले की तिचे पाठ होते आणि पुस्तक केवळ शोभेला समोर असते.

मी हे बाईंना सांगितले. त्यांनी आता नवा धडा आधी वाजवून दाखवायचे बंद केले आहे आणि तिने तो वाचूनच बसवावा असा त्यांचा आग्रह आहे. तेव्हापासून घरी रोज रडारड चालली आहे. मला स्वतःला ही पाच ओळींवर ठिपके मांडून सूर लिहिण्याची पाश्चात्त्य लिपी येत नाही. लहानपणी दोन वर्षे गाणे शिकले, तेवढेच. या वयात वाचनाचा हट्ट धरावा, की कान चालतो आहे तोवर चालू द्यावा? ज्यांनी लहान मुलांना शिकवले आहे किंवा ज्यांची मुले यातून गेली आहेत, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

खट्याळ_खार (९ जून, रात्री १०.३१)

आमचे चिरंजीव याच्या बरोबर उलट आहेत. ते पुस्तकाकडे तासभर बघतात आणि वाजवत काहीच नाहीत. एक महिन्यासाठी अदलाबदल करायची का?

भाता_आणि_पेटी (९ जून, रात्री ११.०५)

मी साठी ओलांडलेला पेटीवाला आहे, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजावे. मूल आधी बोलायला शिकते आणि चार-पाच वर्षांनी अक्षरे गिरवते. बोलण्याआधी कोणी त्याच्या हातात पाटी देत नाही. मग सुरांच्या बाबतीतच हा उलटा क्रम कशासाठी? आमचे गुरुजी एक ओळ वाजवत, आम्ही ती जशीच्या तशी काढत असू, आणि वही उघडायची ती घरी गेल्यावर, विसरू नये म्हणून. वाजवून दाखवणे बंद करणे म्हणजे त्या मुलीची जी सगळ्यांत मोठी ताकद आहे तीच काढून घेणे होय. मी त्या बाईंच्या जागी असतो तर पुस्तक सरळ एक वर्ष मिटून ठेवले असते.

केतकी_सराव (१० जून, सकाळी ७.२०)

मृण्मयीताई, मी पुण्यात गेली चौदा वर्षे पाच ते दहा वर्षांच्या मुलांना पियानो शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलीने लबाडी केलेली नाही. कान तयार असलेल्या मुलांच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण जे दोनदा ऐकून येते त्यासाठी ठिपके मोजण्याचे कष्ट कोण घेईल? पण 'वाचत नाही' या एका शब्दाखाली दोन निरनिराळे प्रकार असतात. एक प्रकार कानाने वाजवणाऱ्या मुलांचा. दुसरा प्रकार आकडे वाचणाऱ्यांचा. सुरुवातीच्या बऱ्याच पुस्तकांत स्वरांच्या डोक्यावर बोटांचे आकडे छापलेले असतात; अंगठा १ आणि करंगळी ५. पांढऱ्या पट्ट्यांना सी, डी, ई अशी नावे असतात, आणि उजवा अंगठा पहिले काही महिने मधल्या सीवरच (पट्ट्यांच्या मध्याजवळच्या सीवर) ठेवलेला असल्यामुळे मूल '१ म्हणजे सी, ३ म्हणजे ई' असे समीकरण मनाशी पक्के करते आणि पुढे स्वर न बघता केवळ आकडे वाचत जाते. हे व्यसन कानापेक्षा फार वाईट आहे, कारण हाताची जागा बदलली की सगळा डोलारा कोसळतो.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी मी एक साधी परीक्षा घेते. मुलाला येणारा धडा घ्यायचा आणि त्याचा हात हळूच एका पांढऱ्या पट्टीने उजवीकडे सरकवायचा, म्हणजे अंगठा सीऐवजी डीवर येतो. खरे वाचणारे मूल म्हणते, 'बाई, इथे सी लिहिले आहे,' आणि हात मागे नेते. आकडे वाचणारे मूल काहीही न कळता तोच आकड्यांचा क्रम खुशाल वाजवते. गाणे एकदम उदास होते, पण त्याला त्याचे काही वाटत नाही. कानाने वाजवणारे मूल तिसऱ्या सुरावर थबकते, तोंड वाकडे करते, आणि त्यातली हुशार मुले आपण होऊन शेजारची काळी पट्टी शोधून काढतात. तुम्ही आज हे करून बघा आणि काय झाले ते लिहा.

उपायाबद्दल थोडक्यात सांगते. ऐकून वाजवायचे आणि वाचून वाजवायचे, असे दोन वेगळे डबे ठेवावेत. पहिल्या डब्यात तिला झेपेल तेवढे अवघड, तिच्या आवडीचे, खुशाल वाजवून दाखवून शिकवलेले. दुसऱ्या डब्यात अगदी बाळबोध, दोन-तीन सुरांचे, चार बारांचे (तालाच्या चार छोट्या खणांचे), तिने कधीच न ऐकलेले तुकडे; एक तुकडा एकदाच वाचायचा आणि टाकून द्यायचा, म्हणजे पाठ होण्याची सोयच राहत नाही. बाईंचा हेतू योग्य आहे. चूक झाली असेल तर एवढीच की, ज्या पातळीचे ती वाजवू शकते त्याच पातळीचे तिने वाचावेही, अशी अपेक्षा त्यांनी धरली. सहा वर्षांचे मूल महाभारताची गोष्ट रंगवून सांगते आणि त्याच वेळी 'कमळ बघ' वाचताना अडखळते. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

वाचकमित्र (१० जून, सकाळी ९.४८)

वरील दोन्ही प्रतिसादांत कानाचे जे कौतुक चालले आहे त्याला माझा विरोध आहे, आणि तो स्वानुभवावर आधारलेला आहे. मी त्याच प्रकारचा मुलगा होतो. बाराव्या वर्षापर्यंत मी ऐकून काहीही वाजवत असे आणि नातेवाइकांच्या लग्नांत माझे फार कौतुक होई. पियानोच्या तिसऱ्या ग्रेडच्या परीक्षेच्या तयारीला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आले की, माझे बोट आठव्या इयत्तेत आहे आणि डोळा अजून बाराखडी गिरवतो आहे. त्या वयात बालवाडीचे तुकडे वाचण्याची लाज वाटते, म्हणून मी वाचलेच नाही, आणि पंधराव्या वर्षी पियानो सुटला. लाज वाटण्याच्या वयाआधी वाचन उरकून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. आज दोन आठवडे रडेल, चालेल.

परीक्षेचा विचार असेल तर हेही लक्षात घ्यावे की, एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रत्यक्ष परीक्षेत एकूण १५० गुणांपैकी २१ गुण न पाहिलेला तुकडा तिथल्या तिथे वाचून वाजवण्यासाठी असतात आणि उत्तीर्ण व्हायला १०० लागतात.

भाता_आणि_पेटी (१० जून, सकाळी १०.१५)

वाचकमित्र, त्याच परीक्षेत कानाच्या चाचणीला किती गुण असतात तेही लिहा की.

वाचकमित्र (१० जून, सकाळी १०.२२)

१८. डोळा तीन गुणांनी पुढे आहे.

मांडवीकाठ (१० जून, दुपारी १.३०)

आमच्या गोव्यात या भांडणावर जुना तोडगा आहे. पोर्तुगीज काळात इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळांमधून मुलांना संगीत शिकवीत, आणि तिथे आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरचे सूर 'दो, रे, मी' म्हणत गळ्याने गाणे, आणि वाद्य नंतर, असा क्रम होता. माझे आजोबा सांगत की, मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, हाताने ताल धरून सूर म्हणून घेत आणि चुकले की वेताची छडी त्याच तालात पडे. व्हायोलिन हातात मिळायला वर्ष गेले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या वाद्यवृंदांत पुढे गोव्याचे इतके वादक दिसले, त्याचे एक कारण हेच की, समोर ठेवलेला कागद ते तिथल्या तिथे वाचून वाजवू शकत.

छडीचे समर्थन मी करीत नाही. पण वाचायचे म्हणजे डोळ्याने ठिपका बघून बोटाने पट्टी दाबायची, एवढाच अर्थ आज घेतला जातो आणि मधला गळा गायब होतो. ठिपका बघितल्यावर आधी सूर गळ्यात आला पाहिजे. ज्या मुलीचा कान इतका चांगला आहे तिला आधी गायला लावा. कान आणि डोळा यांची गाठ गळ्यातच पडते.

काळी_चार (१० जून, दुपारी ३.०२)

मांडवीकाठ, सूचना चांगली आहे, परंतु आपल्याकडच्या मुलांची इथे एक वेगळीच पंचाईत होते. माझा सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे गाणे शिकतो आणि माझी पट्टी काळी चार आहे, म्हणजे सप्तकातल्या पाच काळ्या पट्ट्यांपैकी चौथीच्या सुराला तो घरी सा म्हणतो. पियानोच्या वर्गात सरांनी त्याला सांगितले की, सी म्हणजे 'दो' आणि 'दो' म्हणजे तुमचा सा. त्याने तिथे ठाम नकार दिला. 'सा तिथे नसतो, आईचा सा वर आहे,' असे तो सरांना म्हणाला आणि सरांना वाटले की मुलाला ऐकूच नीट येत नाही. गोव्यातला तुमचा 'दो' एका जागी बसलेला असतो की हिंडतो?

मांडवीकाठ (१० जून, दुपारी ३.४०)

आमचा 'दो' बसलेला असतो. सी म्हणजे 'दो', मग गाणे कोणत्याही पट्टीत असो. पोर्तुगाल, फ्रान्स, इटली या देशांत हीच पद्धत आहे आणि ती आमच्याकडे तशीच आली.

केतकी_सराव (१० जून, सायंकाळी ५.१५)

काळी_चार, तुमचा मुलगा शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याच्या बाजूने उभी राहणारी एक पूर्ण परंपरा पश्चिमेतच आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी 'दो' हा आपल्या सासारखा हलता ठेवून गायन शिकवण्याची पद्धत रूढ केली, आणि पुढे हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांच्या प्रभावाने तीच हाताच्या खुणांसह शाळाशाळांत गेली. मी वर्गात सरळ सांगते की, सी, डी, ई ही घरांची नावे आहेत आणि सा, रे, ग ही नात्यांची. घर हलत नाही. काका मात्र एका घरी काका असतो आणि दुसऱ्या घरी मामा. सात वर्षांच्या मुलांना हे लगेच कळते. पालकांना पटायला आठवडा लागतो.

सुतारपक्षी (१० जून, रात्री ८.५०)

वाचनाच्या वादात न पडता मूळ लेखातल्या 'जेवणाच्या टेबलावर' या शब्दांकडे लक्ष वेधतो. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२-७३ सेंटीमीटरवर असतात. आपले जेवणाचे टेबल मुळातच ७५ सेंटीमीटरच्या आसपास असते आणि त्यावर कीबोर्डची जाडी चढते, म्हणजे पट्ट्या ८५च्या घरात जातात. सहा वर्षांची मुलगी खांदे वर उचलून आणि मनगट लोंबकळत ठेवून वाजवत असणार. कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल इतकी तिची बैठक उंच करावी आणि मग पाय अधांतरी लोंबतील, म्हणून पायांखाली घरातले दोन पाट एकावर एक ठेवावेत. पायाला आधार नसेल तर मूल कमरेतून डुलत राहते आणि आपण त्याला चंचल ठरवतो.

दुसरी गोष्ट अशी. वर्गातला पियानो ८८ पट्ट्यांचा असेल तर मधला सी डावीकडून चौथा सी असतो; तुमच्या ६१ पट्ट्यांवर तो तिसरा असतो. वर्गातली 'चौथा सी' ही खूण घरी वापरली तर मुलगी एक सप्तक वर वाजवते आणि तिला सगळे किंचित चुकीचे ऐकू येते. माझ्या पुतणीच्या बाबतीत हा घोळ उलगडायला आम्हांला दोन महिने लागले.

खट्याळ_खार (१० जून, रात्री ९.१२)

आमच्या इमारतीत सगळ्या वाद्यांना 'कॅसिओ' म्हणतात, त्यामुळे तिथे ८८ आणि ६१ हा भेद पोचलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र परवा लेखी विनंती केली आहे की, मुलाने धडा तीनच्या पुढे जावे, निदान त्यांच्यासाठी.

दूरदेशी_दुर्वा (११ जून, पहाटे ५.३०)

मी न्यू जर्सीत असते. इथे मुलीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली की, पहिले वर्षभर पालकाने वर्गात बसायचे आणि वहीत टिपून घ्यायचे, कारण आठवड्यातला अर्धा तास त्यांच्याकडे आणि बाकीचे सहा दिवस आमच्याकडे असतात. जपानचे शिनिची सुझुकी यांची शिकवण या बाई मानतात. सुझुकी मूळचे व्हायोलिनवादक, पण मातृभाषेसारखे ऐकत ऐकत शिकण्याची त्यांची कल्पना पुढे पियानोलाही लागू झाली. त्यांच्याकडे वाचन उशिराच सुरू होते. माझी मुलगी पाचव्या वर्षी सुरू झाली, वाचायला सातव्या वर्षी लागली आणि आज दहाव्या वर्षी ठीकठाक वाचते. फार उत्तम नाही, ठीकठाक. हे प्रामाणिकपणे लिहिते आहे, कारण वाचकमित्रांचे म्हणणे मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही.

गंमत म्हणजे पुण्याची आजी व्हिडिओ कॉलवर सराव घेते. आजीच्या पुस्तकात 'क्रोचेट' आणि नातीच्या पुस्तकात 'क्वार्टर नोट', त्यामुळे दोघींचे भांडण होते आणि शेवटी दोघी 'एक मात्रा' या शब्दावर तह करतात.

जुनेपान (११ जून, सकाळी ११.००)

पालकांच्या उपस्थितीचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट आठवली. फ्रान्सचे संगीतकार फ्रान्स्वा कूपरँ यांनी १७१६ साली हार्पसिकॉर्डवादनावर पुस्तक लिहिले. मुलांनी सहा-सात वर्षांच्या वयात सुरुवात करावी असे त्यांचे मत होते, आणि सुरुवातीच्या काळात ते शिकवून निघताना वाद्याची किल्ली सोबत घेऊन जात. कारण पाऊण तास खपून जे बसवले ते मूल त्यांच्या मागे क्षणात बिघडवून ठेवील अशी त्यांना भीती वाटे. लहान बोटांसाठी हलक्या पट्ट्यांचे वाद्य असावे, असेही त्यांनी आवर्जून लिहिले आहे. आपण आज सरावासाठी मुलांच्या मागे लागतो आणि ते गृहस्थ सराव होऊ नये म्हणून कुलूप लावीत.

खट्याळ_खार (११ जून, सकाळी ११.०९)

खालच्या काकूंना या गृहस्थांचे नाव कळवतो. कीबोर्डला कुलूप नसते, परंतु त्या वायरवर समाधान मानतील.

मृण्मयी_ठाणे (११ जून, रात्री १०.४५)

सर्वांचे मनापासून आभार. केतकीताई, तुम्ही सांगितलेली परीक्षा आज घेतली. तिचा हात एका पट्टीने सरकवला आणि 'असेच वाजव' म्हटले. पहिले दोन सूर तिने वाजवले, तिसऱ्यावर थांबली, माझ्याकडे रागाने बघितले आणि म्हणाली, 'हे आजारी वाटते.' मग तिने तिसरे बोट पांढऱ्या पट्टीवरून उचलून उजवीकडच्या काळीवर ठेवले आणि धडा पूर्ण केला. मी गाणे शिकले असल्यामुळे काळी तीन ओळखली.

पाटही ठेवले आहेत. सुतारपक्षी, खांदे खरोखरच खाली आले.

केतकी_सराव (१२ जून, सकाळी ७.०५)

मग प्रश्नच मिटला. तिने सहाव्या वर्षी, कोणी न सांगता, पट्टी बदलून गाणे तसेच ठेवले. या मुलीचा कान बंद करण्याचे पाप कोणी करू नये. वाचकमित्रांची भीतीही खरी आहे, म्हणून वाचनाचा डबा रोज उघडायचाच, फक्त पाच मिनिटे. त्यात स्वरांची नावे घोकायला लावू नका. आधी चाल बघायला शिकवा. ठिपका ओळीवरून शेजारच्या मधल्या जागेत गेला तर एक पाऊल, ओळीवरून पुढच्या ओळीवर गेला तर एक उडी, जागेवरच राहिला तर तोच सूर. तीन खुणा पुरे आहेत. सागरगोटे खेळणाऱ्या वयाला पाऊल आणि उडी हे शब्द 'ई' आणि 'जी' यांपेक्षा लवकर कळतात.

आणखी एक खेळ सुचवते. तुम्हांला लिपी येत नाही, हे इथे वरदान आहे. तिच्यासमोर पुस्तक ठेवा, एका बोटाने तुम्ही वाजवा, आणि कुठे चुकता ते तिने पुस्तकात बोट ठेवून दाखवावे. कानवाल्या मुलांना चूक पकडण्याचा फार सोस असतो, आणि पकडलेली चूक दाखवायची तर वाचावे लागते.

भाता_आणि_पेटी (१२ जून, सकाळी ९.३०)

'काळी तीन' हा शब्द वाचून राहवले नाही. पियानोच्या नव्या पुस्तकांत मुलांना पहिल्यांदा फक्त काळ्या पट्ट्यांवर वाजवायला लावतात, असे माझ्या नातवामुळे मला कळले. कारण उघड आहे. त्या उंच असतात, दोन आणि तीन अशा गटांत असतात, त्यामुळे न बघताही हाताला सापडतात, आणि कोणतीही दाबली तरी फार बेसूर होत नाही. पण त्या पुस्तकवाल्यांना बहुधा हे ठाऊक नसावे की, त्यांनी आमच्या मुलांच्या हातात पाच राग दिले आहेत. काळी तीनला सा धरून केवळ काळ्या पट्ट्या वाजवल्या तर भूप होतो. काळी एकला सा धरला तर दुर्गा, काळी दोनला धानी, काळी चारला मधमाद सारंग आणि काळी पाचला मालकंस. पट्ट्या त्याच पाच. फक्त सा कुठे ठेवला, एवढाच फरक.

नातवाला मी हे असे दाखवले की, डाव्या हाताच्या एका बोटाने सा धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने वर मनसोक्त हिंडायचे. पेटीत डावा हात भात्यात अडकलेला असतो, त्यामुळे ही चैन आम्हांला लहानपणी नव्हती. मालकंसाला तो 'रात्रीचे' म्हणतो आणि भूपाला 'शाळा सुटल्याचे'. शास्त्रात भूपही रात्रीचाच आहे, हे त्याला मी सांगितलेले नाही.

श्रुतिबंध (१२ जून, दुपारी १२.१०)

काका, पियानोवर मालकंस ऐकून माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो, आणि तो आनंदाचा नव्हे. समान अंतराने कापलेल्या बारा सुरांत आपल्या सुरांचा जीव नाही. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, हे आपणांस सांगायला नको.

भाता_आणि_पेटी (१२ जून, दुपारी १२.२५)

सांगायला नकोच, माझ्या गुरुजींनी ती भोगली आहे. पण मूल सहा वर्षांचे आहे; मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, पुढच्या आठवड्यात शिकवू.

पालक_नंबर_दोन (१३ जून, रात्री ९.००)

धागा वाचून एक विचारतो. आमच्या मुलाच्या वर्गात पावणेसहाव्या वर्षी सुरुवातीच्या ग्रेडच्या परीक्षेचा अर्ज भरायला सांगितला आहे. तीन तुकडे आठ महिने तेच ते चालू आहेत. हे योग्य आहे का?

वाचकमित्र (१३ जून, रात्री ९.४०)

मी वाचनाचा कट्टर पुरस्कर्ता असूनही याला नाही म्हणेन. आठ महिन्यांत तीन तुकडे म्हणजे वाचनही नाही आणि कानही नाही. ती कवायत झाली. त्या काळात मुलाने साठ-सत्तर छोटे तुकडे वाचले असते. परीक्षा वाईट नसते. परीक्षेसाठी बाकीचे सारे थांबवणे वाईट असते. केतकीताईंशी माझे या एका मुद्द्यावर बहुधा एकमत होईल.

केतकी_सराव (१३ जून, रात्री १०.०२)

होते आहे. तारीख लिहून ठेवते.

कोकणातला_पियानो (१५ जून, दुपारी ४.१५)

थोडे अवांतर. आमच्याकडे आजोळचा जुना उभा पियानो आहे. मुलीसाठी तो रत्नागिरीला आणला आणि पहिल्याच पावसाळ्यात लाकूड फुगून निम्म्या पट्ट्या दाबल्यावर वर येईनाशा झाल्या. सूर जुळवणारे गृहस्थ मुंबईहून बोलवावे लागतात. ज्यांना समुद्राकाठी राहून मुलांसाठी वाद्य घ्यायचे आहे त्यांनी भावनेच्या भरात न जाता जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा, असे आता मी सांगेन. मुलगी मात्र अडकलेल्या पट्ट्या वगळून गाणी बसवायला शिकली आहे.

मृण्मयी_ठाणे (३ जुलै, रात्री ११.२०)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बाईंशी सविस्तर बोलले. दोन डब्यांची कल्पना त्यांना पटली, पण एक अट त्यांनी घातली की, ऐकून शिकलेल्या धड्याच्या वेळी पुस्तक समोर नसेल. वाचण्याचे नाटक नको, असे त्या म्हणाल्या, आणि मला ते योग्य वाटले. मांडवीकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे वाचायचा तुकडा ती आधी 'पाऊल, पाऊल, उडी' असे म्हणत गाते आणि मग वाजवते. रडणे थांबले आहे. कंटाळा अधूनमधून येतोच. मागच्या गुरुवारी तिने वाचनाचे पुस्तक फ्रिजच्या मागे टाकले होते.

चूक पकडण्याचा खेळ मात्र रोज रात्री जेवणानंतर होतो आणि तो चुकवला तर तिला राग येतो. सुरुवातीला मी ठरवून एखादी उडी मारायच्या जागी पाऊल टाकत असे आणि ती लगेच पुस्तकावर बोट आपटून 'इथे, इथे' म्हणत असे. मग तिने नियम बदलला. आता डावा हातही मीच वाजवायचा. काल तिने माझ्या चार चुका पकडल्या, चौथ्या ठिपक्याखाली पेन्सिलीने गोल केला आणि 'आई, तू मुद्दाम फार सोप्या चुका करतेस' अशी तक्रार केली. त्यांतल्या तीन मुद्दाम केलेल्या नव्हत्या, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.

खट्याळ_खार (३ जुलै, रात्री ११.२८)

डाव्या हातासाठी शिकवणी हवी असेल तर खालच्या काकूंना धडा तीन आता दोन्ही हातांनी येतो.